पुढचं नको

"आ करा. अजून मोठा. दाढ मागे असते बाई, ओठावर नसते," डॉक्टर अभय म्हणाले, आणि मी मुकाट्याने आणखी मोठा आ केला. कर्वेनगरातल्या या दवाखान्यात पेशंटने प्रश्न विचारायचे नसतात, आणि विचारलेच तर उत्तर ऐकून दाढदुखी बरी म्हणायची वेळ येते. डावा गाल भुलीनं मेला होता. ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी अडकवलेली, जिभेखाली कापसाचे बोळे, डोळ्यांवर दिवा. अशा अवस्थेत माणूस फक्त ऐकू शकतो. कोपऱ्यातल्या स्पीकरवर गिटार सुरू झाली, चार सूर, पुन्हा तेच चार सूर, आणि डॉक्टरांच्या हाताखालची रुपाली मान डोलवायला लागली. मला पुढचं पाठ होतं. साऱ्या पुण्याला पाठ होतं. चार सुरांनंतर माझी आई रडणार होती.

ती रडली. 'एकदा तरी ललिता म्हणा ओऽऽ, आता तरी ललिता म्ह' आणि तिथेच तुटली. क्षणभर काहीच नाही. रुपालीनं हातातला चिमटा हवेत तसाच धरून ठेवला. मग ड्रम कोसळले, गिटारी किंचाळल्या, आणि चिमटा ठेक्यावर खाली आला. "सर, आज डीपी रस्त्याच्या लॉन्सवर यांचा शो आहे ना," ती म्हणाली, "खरी ललिता येणारे स्टेजवर. सकाळीच पोस्टर पडलंय." "खरी म्हणजे?" "म्हणजे तो आवाज जिचा आहे ती बाई, सर." "असं होय," डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं हल्ली रडायचं कामही कंप्यूटरकडेच दिलंय." मी उठायला गेले. घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. डॉक्टरांनी माझा खांदा मागे दाबला. "दुखतंय? दुखणं शक्य नाही, भूल मी दिली आहे. हलू नका, सुई आत आहे." मला ओरडायचं होतं की ती बाई माझी आई आहे, वाघोलीत राहते, आणि तिला स्टेजवर कोण नेतंय ते मला चांगलं माहीत आहे. पण तोंडात दवाखान्याचं अर्धं दुकान होतं. मी खुर्चीचे हात धरून पडून राहिले आणि रागानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रुपालीनं ते मायेनं पुसलं.

आप्पा गेले ते गेल्या उन्हाळ्यात. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी पोहोचले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडच्या बायका मुक्यानं रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेला माणूस समोर बसलाय असं धरून त्याच्याशी एका चालीवर बोलतात, त्यानं काय आणलं, कुणाला काय दिलं, कोणत्या वेळी कसा वागला. आणि दारातून नवी पाहुणी आली की तिच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून. शहरातल्या लोकांना हा तमाशा वाटतो. माझ्या सासूबाई पदराचं टोक नाकाला लावून भिंतीशी अशा उभ्या होत्या, जणू शेजाऱ्यांच्या भांडणात चुकून सापडल्यात. मला हेल येत नाही. मी उभी राहून नाक पुसत होते. आणि आई, जी आप्पांच्या समोर दोन वाक्यांच्या वर कधी बोलली नाही, ती त्यांच्या छातीवर हात ठेवून म्हणत होती, एकदा तरी ललिता म्हणा. मला कळायला वेळ लागला. ललिता हे आईचं नाव. आप्पांनी ते कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या तोंडी 'अगं ए' होतं, 'ऐकलं का' होतं, फार लाडात आले तर 'रव्याची आई'. त्यात वेगळं काही नव्हतं, आमच्या आळीत कुणीच बायकोला नावानं हाक मारत नसे. पण माझं नाव ते दिवसभर घ्यायचे. रान विकून पाण्याच्या टँकरचा धंदा टाकला तेव्हा प्रत्येक टँकरच्या पाठीवर लाल अक्षरात लिहून घेतलं, उत्कर्षा वॉटर सप्लायर्स. कॉलेजला जाताना नगर रस्त्यावर माझंच नाव माझ्या अंगावर चिखल उडवून पुढे जायचं आणि माझी छाती फुगायची. मी आप्पांची लेक. ते गेल्यावरही दुसरं काही व्हायची माझी तयारी नाही.

रविराज, माझा धाकटा भाऊ, तेव्हा मोबाइल धरून उभा होता. मुक्ताई आत्याचा संतोष मस्कतला असतो, त्याला मामाचं शेवटचं दर्शन व्हिडिओवर घ्यायचं होतं. नेटवर्क सारखं तुटत होतं म्हणून रवी नंतर पाठवायला ते सगळं रेकॉर्ड करत होता. मयताच्या घरी हल्ली हेही एक काम असतं, लाकडं आणण्यासारखंच, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आईचं 'आता तरी ललिता' सुरू झालं आणि मुक्ताई आत्या पुढे झाली. तिनं आपला तळवा आईच्या तोंडावर दाबला. "बास झालं. बाहेर पुरुषमाणसं बसल्यात." आईचा श्वास त्या हाताखाली कोंडला. त्यानंतर आई रडली नाही. दहावं, तेरावं झालं, पाहुण्या आल्या, गळ्यात पडल्या, ती नुसती उभी. त्या हेलात पुढे काय असणार ते मला ठाऊक होतं, सगळ्याजणी म्हणतात तेच, मला टाकून कुठं गेलात, आता कुणाच्या तोंडाकडं बघू. पण ते तिचं तिला म्हणू द्यायला हवं होतं. तिच्याकडे पाहिलं की मला ते अर्धं रडू तिच्या घशात दिसायचं, आणि आत्याचा संताप यायचा.

तर ज्या जागी माझ्या आईचं तोंड दाबलं गेलं, त्या जागी आता पुणं नाचतं. रवीच्या बँडचं नाव 'टँकर लॉबी'. आप्पा होते तोवर त्यांना ते नाव बिलकुल पसंत नव्हतं, धंद्याची बदनामी होते म्हणायचे. वर्षानुवर्षं ही चार पोरं वाघोलीच्या गाळ्यात रात्रंदिवस आदळआपट करायची आणि कुठल्यातरी कॅफेत आपल्याच मित्रांसमोर वाजवून यायची. मग दिवाळीनंतर, मोबाइलमधलं आईचं ते रडणं घालून केलेलं, 'एकदा म्हणा' हे त्यांचं एकच गाणं बाहेर पडलं. अल्बम नाही, एकच. त्याला सिंगल म्हणतात, जसं काही गाणंही लग्नाचं राहिलं होतं. आणि ते असं सुटलं की बघायला नको. आधी कॉलेजच्या पोरांनी उचललं. मग लग्नवाल्यांनी. नवरी मांडवात येताना लावतात, नवरदेव ओरडून तिचं नाव घेतो, पाहुणे टाळ्या पिटतात. आमच्या सोसायटीत सकाळी बायका त्यावर कंबर हलवतात. 'म्ह' झालं की सगळ्या हात वर करून थिजतात आणि ड्रमवर खाली वाकतात, पोट कमी होतं म्हणे. एका सराफानं त्यावर मंगळसूत्राची जाहिरात केली. लक्ष्मी रस्त्यावर ललिता नावाची साडी निघाली. त्या तुटण्याला पोरांनी नावही ठेवलं, 'तो पॉज'. किती फील आहे त्यात, असं माझ्या ऑफिसातली एक मुलगी मला डबा खाता खाता म्हणाली. मी तिला लोणचं दिलं. दुसरं काय देणार? तो माझ्या आईच्या ओठांवर दाबलेला एका थोराड बाईचा हात होता, लेकी, असं डब्यावर सांगता येत नाही. रवीला मात्र मी सांगितलं होतं. वाघोलीला जाऊन, गाळ्यात, त्याच्या वायरींच्या जंजाळात उभं राहून. तुला माहीत आहे का ती का थांबली? तो म्हणाला, "आय नो, ताई. म्हणूनच तो पॉज इतका ऑथेंटिक आहे. आणि हे आप्पांना ट्रिब्यूट आहे यार." मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं गाल चोळला आणि शांतपणे म्हणाला, "तू इमोशनल आहेस." तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आईला मी काही विचारलं नव्हतं. तिला काय कळणार, असं मी धरून चालले होते. रवीनं तिला सांगितलं असेल, तुझं गाणं केलंय, आणि ती बरं म्हणाली असेल. आयुष्यभर ती सगळ्याला बरंच म्हणत आली.

डॉक्टरांनी एकदाची नळी काढली. "दोन तास काही खायचं नाही, आणि बोलायचंही कमी. घरच्यांना बरं वाटेल," ते म्हणाले. मी पर्स उचलली आणि चपला उलट्या-सुलट्या अडकवून बाहेर आले. आईला फोन लावला. मागे कुणीतरी 'हॅलो, चेक, चेक' करत होतं. माझी जीभ कुणा दुसऱ्याची असावी तशी तोंडात लोळत होती. कुठे आहेस, असं मी विचारलं, आणि आई म्हणाली, "कोण बोलतंय? उत्कर्षा? दारू प्यालीस का काय?" मी फोन आपटलाच असता, पण माझाच होता. रिक्षात बसले. डीपी रस्ता म्हणताना लाळ गळली, रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मीटर टाकायला विसरला. मी मनात वाक्यं जुळवत होते. रव्या, तू आप्पांचं मढं विकलंस. हे एक चांगलं होतं. आईसाठी काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. तिला काही म्हणायचं नव्हतंच, तिला तिथून उचलायचं होतं, पदर नीट करायचा होता आणि घरी न्यायचं होतं. चार हजार लोक तिला तोंडावर ललिता म्हणून ओरडणार, शिट्ट्या मारणार. ज्याच्याकडून तिला ती हाक हवी होती तो नाही, म्हणून गावभरच्या टवाळांनी मारावी? पुलाजवळ सिग्नलला शेजारच्या गाडीतून तेच चार सूर आले. मी रिक्षातून वाकून त्या पोराला काच वर घे म्हणाले. त्याला काही समजलं नाही. त्यानं आवाज वाढवला.

लॉन्सवर ऊन होतं. माणसं खुर्च्या मांडत होती, स्टेजमागे जनरेटर घुमत होता, आणि भल्यामोठ्या पडद्यावर एका कोणत्यातरी पाठमोऱ्या बाईचं चित्र होतं, डोक्यावर पदर घेतलेल्या. माझी आई पदर डोक्यावर घेत नाही. ती स्वतः कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होती. जांभळी साडी नवी होती. कुणीतरी तिचे केस विंचरून मागे फुगवले होते. ती मला बरी दिसली, आणि त्याचाही राग आला.

"उठ. घरी चल," मी म्हणाले. शब्द गालात अडखळत बाहेर पडत होते.

"तोंडाला काय झालं?"

"दाढ. आई, चल म्हणते ना. आप्पांच्या मयताचा बाजार मांडलाय ह्यांनी आणि तू नटून बसलीस?"

तिनं कप खाली ठेवला. "कुणी काय मांडलंय ते मला दिसतंय की. मला येडी समजू नगंस."

"मग आलीस कशाला?"

"म्हणायचंय मला."

"काय म्हणायचंय?"

"ऱ्हायलंय ते," आई म्हणाली, अगदी सहज, दळण राहिलंय म्हणावं तसं.

तेवढ्यात रवी आला. गळ्यात पट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा, मी मारलेल्या थपडेचा मागमूस नाही. "ताई! आलीस ना, ग्रेट. पण सीन नको हां आज, स्पॉन्सर येऊन बसलेत. आई, चल, साऊंड चेक. फक्त तेवढ्या ओळी. 'म्ह' वर कट. मी हात वर करीन, तू थांबायचं."

"आन् पुढचं?"

"पुढचं नको. पुढे ड्रम आहे."

"पुढचंच तर म्हणायचंय, रव्या."

"आई, प्लीज ना. लोक त्या पॉजसाठी येतात. पुढचं कुणाला नकोय." आणि मग त्यानं मैदानाच्या मध्यावर टेबल मांडून बसलेल्या साऊंडवाल्या पोराला हाक मारून सांगितलं, "प्रज्ञेश, ती थांबली नाही तर माइक खाली घे. ड्रम मारून टाकू वर." आईनं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर ते जुनं बरं आलं आणि ती स्टेजच्या पायऱ्या चढायला लागली, एका हातानं निऱ्या धरून.

मी रवीला मारायला हवं होतं, पण त्याचवेळी एक गोष्ट लख्ख दिसली, आणि ती मला अजिबात आवडली नाही. मी तरी कशाला आले होते? तिला उठवून घरी न्यायला, म्हणजे गप्प करायलाच. आत्यानं तळवा वापरला, मी रिक्षा केली, एवढाच फरक. म्हणायचंय मला, असं ती म्हणाली होती. तिनं असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडी मागितली नाही, माहेरी जाऊ का विचारलं नाही. मी खुर्च्यांच्या ओळींमधून तरातरा त्या टेबलाकडे गेले. टेबलावर आवाज चढवायच्या-उतरवायच्या सरकत्या कळांची रांग होती आणि प्रत्येकीखाली चिकटपट्टीवर काहीतरी लिहिलेलं. एकीखाली 'आई' होतं. प्रज्ञेशचं बोट तिच्यावरच होतं. मी ते उचलून बाजूला केलं आणि माझं ठेवलं.

"मॅडम, हात काढा. मॅडम, असं नसतं करायचं."

"हिचा आवाज खाली आला," मी जड जिभेनं जमेल तितकं स्पष्ट म्हणाले, "तर तुझं हे टेबल नदीत जाईल. मागेच आहे." त्यानं माझा वाकडा ओठ पाहिला, ओठातून गळणारी लाळ पाहिली, आणि खुर्ची मागे घेतली.

चार सूर वाजले. आईनं माइकला हात लावला नाही, त्याच्यासमोर नुसती उभी राहिली, आणि तिनं हेल काढला. मोबाइलमधला तो आवाज बारीक होता, कापरा होता, हा नव्हता. एकदा तरी ललिता म्हणा ओऽऽ. खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. आता तरी ललिता म्ह, आणि रवीचा हात वर गेला, ड्रमवाल्यानं काड्या उचलल्या, "म्हणा ओऽऽ," आई म्हणाली. पूर्ण म्हणाली. ड्रमवाला काड्या धरून तसाच बसला. आईनं रवीकडे पाहिलंही नाही. तिची नजर समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर होती. "म्हशीला चंद्रा म्हणला ओऽऽ, बुलेटला राणी म्हणला, टँकरवर लेकीचं नाव घातलं, मला अगं ए म्हणला ओऽऽ." मला रडू येत होतं. येऊ दे, म्हणावं, सगळं येऊ दे, माझं बोट कळीवर घट्ट होतं आणि मला वाटत होतं की आता ती म्हणेल, मला टाकून कुठं गेलात. "दवाखान्यात बाईनं इचारलं, पेशंटचं नाव काय, तर माझ्याच तोंडाकडं बघितलं ओऽऽ. इसरला व्हता तुमी." ही आमच्या घरातली हसायची गोष्ट आहे. आईचं पिशवीचं ऑपरेशन होतं, आणि आप्पा खिडकीपाशी डोकं खाजवत उभे राहिले. ती मीच सांगते. सणावारी, जेवणाच्या पंगतीत, आप्पांची नक्कल करून, आणि आई पोळ्या वाढता वाढता सगळ्यांबरोबर हसते.

मग तिची चाल गेली. हेल गेला. भाजीवालीशी बोलावं तशा साध्या आवाजात ती माइकमध्ये म्हणाली, "तुमी गेला ते बरं झालं. त्या दिशी घरात कुणी चूल पेटवली न्हाई. दुपारची भाकर ऱ्हायली व्हती टोपलीत. कुणाला दिसू न देता मी ती खाल्ली. पोटभर जेवले मी. लई दिसांनी ग्वाड लागलं."

तिचा आवाज मैदानभर गेला, मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा आला. एक माणूस खुर्ची डोक्यावर घेऊन तसाच उभा होता. मला आईचा संताप आला. आप्पा माझे होते. त्यांना हार घातलेला मी पाहिला होता, त्यांचे पाय चेपले होते, त्यांच्या नावानं अजून मला रिकाम्या घरात हाक ऐकू येते, आणि ही बाई त्यांच्या मरणावर भाकर खाऊन बसली होती. वर्षभर मी तिच्या घशात रडू बघत आले आणि ते रडू नव्हतंच. हे होतं. मी रागावले होते ते ज्या दुःखावरून, ते माझं एकटीचं होतं. माझं बोट अजून त्या कळीवर होतं. एवढंसं खाली ओढलं असतं तर झालं असतं सगळं शांत.

"ताई!" रवी स्टेजवरून धावत पुढे आला होता, चष्मा कुठेतरी पडला होता, आणि त्याचा आवाज लहानपणीसारखा फाटला होता. "ताई, खाली घे ना! आप्पांबद्दल बोलतीये ती! ताई!"

ती कुणाबद्दल बोलतेय ते मला माहीत होतं. आईनं श्वास घेतला, खोल, पुढच्या ओळीसाठी घेतात तसा. तिचं संपलं नव्हतं. मी कळ होती तिथून आणखी वर सरकवली.